कोंबड्याच्या गालावरची तीट

नीनाच्या वीरचं बारसं पडद्यावर झालं. लॉकडाऊन लागलेला. लेक लंडनच्या ईलिंगला, आईबाप लेस्टरला, आणि मधला रस्ता बंद. सुप्रभाबाईंनी टॅबलेटसमोर बसून पाळणा म्हटला आणि पाळणा संपताच बोटावर काजळ घेऊन काचेतल्या बाळाच्या गालावर तीट लावली. तेवढ्यात तिकडं कुणाचा तरी धक्का लागला, बाळ बाजूला गेलं आणि त्या ठिपक्याखाली जावयाचा, प्रणवचा, दाढी वाढलेला चेहरा आला. कमलाकर पोट धरून हसले. "वा! जावयाला नजर लागायची भीती होतीच म्हणा." सुप्रभाबाई हसल्या नाहीत. लावलेली तीट आपल्या हातानं पुसायची नाही, असं म्हणून त्यांनी ती काच दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच ठेवली.

तोच वीर गणवेश घालून शाळेत जायला लागला, त्या वर्षीच्या, २०२४ च्या, ऑक्टोबरात नीनाचा फोन आला.

"आई, एक मुलगी तुम्हाला भेटायला येणारे. इरावती. अमेरिकेची आहे, पण मराठी. ग्राफिक डिझाइन शिकलीये. बाबांच्या जुन्या पाट्यांवर काहीतरी प्रोजेक्ट करतेय."

सुप्रभाबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. "पाट्या कुठून मिळाल्या तिला?"

"अगं, अजून आहेत काही दुकानांवर. तिनं मंडळाच्या व्हॉट्सॲपवर फोटो टाकला होता, हे काम कुणाचं, कुणी ओळखता का म्हणून. मी म्हटलं, हे तर माझ्या बाबांचं."

"म्हटलंस? लिहून?"

"आई, प्लीज. ती जेन्युइन आहे. कॉलेजच्या वेबसाइटवर तिचं नाव आहे."

"तो माणूससुद्धा खराच होता, नीना. खराखुरा वकिलाचा माणूस होता."

तो माणूस कोण, हे त्या घरात कुणाला सांगावं लागत नव्हतं. वाचणाऱ्याला मात्र सांगायला हवं, आणि त्याआधी गॅरेजातली अमेरिका सांगायला हवी.

कमलाकर शिंत्रे मिरजेहून लेस्टरला आले ते होजिअरीच्या गिरणीत. गिरणी बंद पडली तेव्हा हाताशी जुनी विद्या होती; मिरजेत पोरवयात ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. बेल्ग्रेव्ह रोडच्या मागं घर होतं, घराला गॅरेज होतं. तिथं धंदा मांडला. साड्यांची दुकानं, मिठाईवाले, असं चाललेलं असताना एक बांगलादेशी गृहस्थ आला. त्याला तळलेल्या चिकनचं दुकान टाकायचं होतं. "भाईसाहब," तो म्हणाला, "कुछ अमेरिकन बना दो."

कमलाकरांनी अमेरिका पाहिली नव्हती, आणि पुढंही कधी पाहिली नाही. त्यांच्यापाशी होता नीनाच्या शाळेचा नकाशा, कॉर्नफ्लेक्सचा एक खोका, आणि लहानपणी जमवलेल्या काडेपेट्यांवरच्या चित्रांची आठवण. नकाशातून एका राज्याचं नाव घेतलं, तेच दुकानाचं नाव. खोक्यावरून लाल आणि निळा रंग घेतला, वर चांदण्या पेरल्या. काडेपेटीवरचा तुरेबाज कोंबडा घेतला आणि त्याच्या डोक्यावर काऊबॉयची टोपी घातली. पाटी लागली त्याच आठवड्यात दुकानापुढं रांग लागली.

मग काय, अमेरिका न्यायला माणसं लांबून यायला लागली. बर्मिंगहॅमचे पंजाबी, साउथॉलचे तमिळ, कुठले कुठले तुर्की. कमलाकर आधी दुकानाच्या दर्शनी भागाची रुंदी घ्यायचे आणि रुंदीवरून राज्य ठरवायचे. अरुंद दुकान असेल तर टेक्सास. दोन गाळे असतील तर मिसिसिपी. एकानं चिंचोळ्या गाळ्यावर कॅलिफोर्नियाचा हट्ट धरला, तर त्याला म्हणाले, "शेजारचा गाळा घे, मग ये."

पाटीवर चिकटवायची अक्षरं कापायचं काम सुप्रभाबाईंचं. त्या जतकडच्या, शाळा दुसरीतच सुटलेली. इंग्रजी अक्षरं आधी त्यांच्या हाताला कळली आणि मग डोळ्याला. कुठलं अक्षर सरळ कापलं जातं आणि कुठलं वळणावर दगा देतं, हे त्या आधी शिकल्या. वाचायला शिकल्या ते मागाहून, पाटी पाटी करत. नीनाच्या पुस्तकात एस दिसला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "हा टेक्सासचा शेवटचा."

आणि प्रत्येक पाटी ब्लँकेटात गुंडाळण्याआधी, कमलाकर चहाला घरात गेले की, सुप्रभाबाई काडीच्या टोकावर काळा रंग घेऊन कोंबड्याच्या गालावर, डोळ्याच्या जरा खाली, एक ठिपका द्यायच्या. एवढी देखणी वस्तू चारचौघांत टांगायची तर तीट हवी. नवऱ्याला सांगितलं नाही. तो म्हणाला असता, लोक कोंबडा कापून खायला बसलेत, त्याला कसली दृष्ट लागायची राहिलीय.

असं बरीच वर्षं चाललं. मग तो माणूस आला.

चांगला सूट, गोड बोलणं, गळ्यात कॅमेरा. अमेरिकन होता. दुकान टाकायचंय म्हणाला. गॅरेजात फिरला, एकेका पाटीपुढं उभा राहून वाहवा करत राहिला. सुप्रभाबाईंनी पोहे केले, ते त्यानं मागून घेतले. "हे सगळं तुम्हीच बनवलं?" त्यानं विचारलं. कमलाकर फुशारकी मारणारे नव्हेत, पण त्या दिवशी छाती फुगवून म्हणाले, "सगळं मीच." थोड्याच दिवसांत सॉलिसिटरची नोटीस आली. टोपीवाला कोंबडा एका अमेरिकन कंपनीच्या मालकीचा आहे आणि शिंत्र्यांनी तो चोरला आहे. आता काडेपेटी दाखवायची कुठून? ती मिरजेत कुणाची तरी विडी पेटवून कधीच संपली होती. कोर्टात उभं राहायची ऐपत नव्हती. आसपासच्या पाट्या उतरवायच्या, एवढ्यावर मिटलं. कमलाकरांनी स्वतः शिडीवर चढून त्या उतरवल्या. खाली दुकानदार तोंड पाडून उभे, येणारेजाणारे थांबून बघताहेत. त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "कमलाकरराव आले, आपापल्या कोंबड्या मोजून ठेवा!" माणसं हसली. तेही हसले. पण त्यानंतर मखर रंगवायलासुद्धा त्यांनी ब्रश हातात धरला नाही. उरलेली वर्षं गोदामात खोकी हलवण्यात गेली.

लांबच्या गावांतल्या पाट्या कुणाच्या ध्यानात आल्या नाहीत. त्या तशाच राहिल्या.

आता कमलाकर पुढच्या खोलीत, माडीवरून खाली आणलेल्या पलंगावर होते. हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी जे सांगायचं ते नीनाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आणि नीनानं आईपासून लपवायचा प्रयत्न केला होता, म्हणजे आईला ते त्याच दिवशी कळलं. सुप्रभाबाईंचं देवापाशी फार मागणं नव्हतं. या माणसानं जाण्याआधी चोर हा शब्द पुन्हा ऐकू नये, एवढंच.

इरावती आली ती शनिवारी सकाळी. कुरळे केस, पाठीवर भली मोठी बॅग आणि गळ्यात कॅमेरा. सुप्रभाबाईंना आधी तो कॅमेराच दिसला.

"नमस्कार आजी. मी इरावती. न्यू जर्सीची. म्हणजे, मम्मी नागपूरची."

"ये. चपला तिथं काढ. आणि हळू बोल, हे झोपलेत."

हे झोपलेले नव्हते. पुढच्या खोलीत रेडिओ लावून, दार लोटून, सुप्रभाबाईंनी त्यांना सांगितलं होतं की कौन्सिलची बाई यायचीय, बाथरूममध्ये धरायला दांडी बसवायची ते बघायला.

इरावतीला त्यांनी मागं, स्वयंपाकघरात बसवलं. पोहे केले नव्हते. मुद्दामच. बिस्किटं ठेवली, तीही पुड्यासकट.

"नीना काहीतरी बोलली असेल तुला. पण आमच्याकडं पाट्याबिट्या काही नाहीत. हे गिरणीत होते, मग गोदामात."

"हो? पण नीनाताई बोलली की—"

"नीना तेव्हा लहान होती."

इरावतीनं मान हलवली आणि लॅपटॉप उघडला. हिरमुसली वगैरे नाही. सुप्रभाबाईंनी तेही मनात टिपलं. नाही म्हटल्यावर जी माणसं हिरमुसत नाहीत, त्यांना आधीच सगळं ठाऊक असतं.

"मी सांगते मला काय पाहिजे, ओके? मी अमेरिकन आहे. तिथेच जन्मली. पण सगळे विचारतात, कुठची? मी बोलते न्यू जर्सी. ते बोलतात, नो नो, खरी कुठची? मग मी इथे शिकायला आली. ट्रेनमधून उतरली तर समोर टेक्सास! पुढच्या गल्लीत ॲरिझोना. स्टार्स, झेंड्याचे रंग, सगळा. माझ्यापेक्षा जास्त अमेरिकन. आणि त्याला कोणीच नाही विचारत, तू खरा कुठचा. म्हटलं, मी विचारते."

हे बोलणं सुप्रभाबाईंना आवडलं, आणि आवडलं म्हणूनच जास्त धास्ती वाटली. त्या माणसाचंही बोलणं आवडलंच होतं.

"कुणाच्या वतीनं विचारतेस? पगार कोण देतं तुला?"

"पगार नाही, स्कॉलरशिप आहे. फेब्रुवारीत लंडनला एक्झिबिशन करणार. फोटो नाही, खऱ्या पाट्या लावणार भिंतीवर."

"आणि कंपनीवाले येणार बघायला."

"कुठले कंपनीवाले?"

सुप्रभाबाईंनी बिस्किटांचा पुडा तिच्याकडं सरकवला. पोरगी एक तर अगदी साधी होती, नाहीतर फार पोचलेली.

इरावती एकेक फोटो दाखवायला लागली. सुप्रभाबाईंनी ठरवलं होतं, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. पण डोळे ऐकेनात. तो साउथॉलचा टेक्सास, त्याचा एक्स कापताना अंगठा कापला होता. ती वुल्व्हरहॅम्प्टनची अलाबामा, सगळे ए एकाच साच्यातून काढलेले. जुने शेजारी रस्त्यात भेटावेत तशी अक्षरं भेटत होती, आणि ओळख नाही असं दाखवून पुढं जायचं होतं.

"आता ही गोष्ट मला समजत नाही." इरावतीनं चित्र मोठं केलं. कोंबडा पडदाभर झाला. "हा ठिपका. बघा, इथे. आता साउथॉल, सेम जागा. अलाबामा, सेम. कॉपी करणारे खूप आहेत, पण त्यांच्या कोंबड्याला ठिपका नाही. माझे प्रोफेसर बोलले, प्रिंटिंगचा काहीतरी मार्क असेल. मी बोलली, नाही, ही बनवणाऱ्याची सही आहे. ह्या ठिपक्याच्या मागे मागेच मी इथपर्यंत आली."

नजर लागू नये म्हणून लावलेल्या ठिपक्यानंच घरापर्यंत वाट दाखवली होती. आणि ही पोरगी, नागपूरच्या आईची लेक, गालावरचा काळा ठिपका बघून सही म्हणते? मराठी घरात वाढलेली आणि तीट ओळखत नाही? का ओळखते, आणि माझ्या तोंडून वदवून घ्यायचंय?

"डाग असेल," त्या म्हणाल्या. "इथल्या पावसात पत्रा गंजतो."

"सगळे एकाच जागी गंजतात?"

"कावळा बसत असेल."

इरावती खुदकन हसली. सुप्रभाबाई हसल्या नाहीत. मग इरावतीही थांबली.

"आजी, तुम्हाला माहितीये ना, हे काय आहे ते?"

"मला अक्षरंच उशिरा आली, बाई. ठिपके कुठून वाचता येणार?"

"ओके." तिनं पुढचं चित्र काढलं. "ही माझी फेव्हरिट. कॉव्हेंट्रीची. दुकान बंद झालं, तर मालकाने पाटी मलाच देऊन टाकली."

टेनेसी.

सुप्रभाबाई पुढं वाकल्या. ही अक्षरं त्यांनी कापलेली नव्हती. टेनेसीचं काम आलं तेव्हा त्या जतला होत्या, आई शेवटच्या दुखण्यात होती. आईचे दिवस करून परतल्या तेव्हा गॅरेजात निळे कपटे पडलेले, आणि नवरा म्हणाला होता, तू नव्हतीस, दोन ई वाया घालवले बघ. पाटी तोवर कॉव्हेंट्रीला लागलीसुद्धा होती. ही एकच पाटी आपल्या हातून उघड्या गालानं गेली, ही रुखरुख त्यांच्या मनात राहिली ती राहिलीच. पुढं नोटीस आली तेव्हा बाकी सगळे कंपनीला शिव्या देत होते. सुप्रभाबाई मनात टेनेसीला शिव्या देत होत्या. त्या एकीनं घात केला.

पण इथं, पडद्यावर, टेनेसीच्या कोंबड्याच्या गालावर ठिपका होता. काळा, गोल, डोळ्याच्या जरा खाली.

आणि मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पुरावा कमी पडत असणार, म्हणून पोरीनं तो तयार केला. कॉम्प्युटरवर काय, बाईला मिशा लावता येतात. ठिपका लावायला किती वेळ?

"हा तू लावलास," त्या म्हणाल्या.

"काय?"

"हा ठिपका. खोटा आहे. मशीनवर लावलास. सगळ्या पाट्या आमच्या गळ्यात बांधायच्या म्हणून. कुणी पाठवलं तुला? त्याच कंपनीनं ना? तो पोहे खाऊन गेला, तू बिस्किटं खा आणि चालू लाग!"

"आजी, मी प्रॉमिस करते, मी काही नाही—"

"टेनेसीला ठिपका नव्हता! मी सांगते ना, नव्हता! मी इथं नव्हतेच, तर लावणार कोण?"

बोलून गेल्या आणि मग कळलं, काय बोलून बसलो. पुढच्या खोलीतला रेडिओ बंद झाला.

"सुप्रभा," तिकडून आवाज आला. बारीक, पण स्पष्ट. "कौन्सिलच्या बाईला टेनेसीशी काय करायचंय?"

"काही नाही हो. तुम्ही पडा."

"कॉव्हेंट्रीची का? आण इकडं. बघू दे मला."

आता झाकण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी लॅपटॉप पोरीच्या हातात द्यायला त्या तयार नव्हत्या. स्वतःच उचलला, वायरीसकट, आणि पुढच्या खोलीत नेऊन नवऱ्याच्या मांडीवर ठेवला. म्हणाल्या, "बघा तुम्हीच. ही तुमची टेनेसी, आणि हा हिनं वरून लावलेला ठिपका."

कमलाकरांनी चष्मा मागितला. "दुसरा एन जरा वर चढलाय," असं पुटपुटले. मग बोट कोंबड्याच्या गालावर टेकवलं.

"हा मी लावलाय."

"तुम्ही?"

"मग कोण? तू नव्हतीस ना."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"अगं, शिडीवर कोण चढायचं, तू का मी? तोंडासमोर कोंबडा घेऊन मी स्क्रू पिळत बसायचो. पहिल्यांदा वाटलं, रंग उडालाय. पुसायला म्हणून बोटाला थुंकी लावली, आणि मग नीट बघितलं. उडालेला रंग इतका गोल नसतो. नीनाच्या गालावर लावायचीस तसाच होता, तेवढाच."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"तू मला चहाला पिटाळायचीस. म्हटलं, बाईला चोरून लावायचाय, लावू दे. मी आपला चहा सावकाश प्यायचो."

दारात इरावती उभी होती, कॅमेऱ्याला हातही न लावता.

"टेनेसी गुंडाळली," कमलाकर दम घेत घेत सांगत होते, "व्हॅनमध्ये घातली. आणि व्हॅन काही हलवेना. तू तिकडं आईपाशी, इथं हा उघड्या गालानं परगावी चाललेला. उतरवली परत, ब्लँकेट सोडलं. माझा हात जड, जरा मोठाच झाला."

खरंच जरा मोठा होता. सुप्रभाबाईंना ते आत्ता दिसलं. टेनेसीवर इतकी वर्षं राग धरला, तो आता कुठं ठेवायचा तेही त्यांना कळेना. त्यांनी उगाच नवऱ्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"आणि ही कोण?" कमलाकरांनी विचारलं. "कौन्सिलची तर वाटत नाही."

"अमेरिकेची आहे. तुमच्या पाट्या लंडनला लोकांना दाखवणार म्हणते. मी सांगितलंय, आम्ही काही बनवलेलं नाही."

"दाखवणार?" कमलाकर इरावतीकडं वळले. "चोर म्हणून का?"

हसत विचारलं, पण हात पांघरुणाच्या काठावर आवळलेला होता. जो शब्द या खोलीत येऊ नये म्हणून सुप्रभाबाई दारात आडव्या पडायला तयार होत्या, तो त्यांच्या नवऱ्याच्याच तोंडून आला.

इरावतीला काही कळलं नाही. "चोर? कोणाचा?"

तेव्हा नवराबायकोनं तिला त्या माणसाची गोष्ट सांगितली, एकमेकांचं बोलणं तोडत, पोह्यांसकट. इरावती पलंगाजवळच्या खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होती.

"पण आजोबा," ती म्हणाली, "असा कोंबडा अमेरिकेत नाहीच. त्या कंपनीचा मला माहिती आहे, तो जाडा, उभा, कार्टूनसारखा. तुमचा एक पाय असा वर आहे, शेपटी अशी. मी लायब्ररीत बसून सगळे शोधले, शंभर वर्षांचे. कुठेच नाही. कुठून आणला तुम्ही?"

"काडेपेटीवरून."

"कुठल्या?"

"मिरजेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी पानपट्टी होती. तिथं मिळायची."

इरावतीनं तोंडावर हात ठेवला. "म्हणजे हा मिरजचा? इतकी मी विचारत फिरली, तू खरा कुठचा, तू खरा कुठचा, आणि हा मिरजचा!" ती हसायला लागली. कमलाकरही हसले, खोकला येईपर्यंत. सुप्रभाबाईंनी पाणी दिलं.

"पण तो कोणाचाच नाही चोरलेला," हसणं थांबल्यावर ती म्हणाली. "हे मी लिहून लावणार. भिंतीवर."

कमलाकरांनी छताकडं पाहिलं. पांघरुणावरची मूठ सुटली.

"आणि ठिपका? तो आता तरी सांगा ना, काय आहे."

सुप्रभाबाईंनी सांगितलं. थोडक्यात, नाखुशीनं, जणू घरातलं भांडं परक्याला उसनं देतोय. काजळ, गाल, नजर. इरावतीचा चेहरा बदलत गेला.

"माझ्या बेबी फोटोत होता हा! गालावर. मम्मीने फोटो मोठा केला ना हॉलमध्ये लावायला, तेव्हा त्यातून काढून टाकला. बोलली, घरी लोक येतात, विचारत बसतील. मला वाटायचं, शाई सांडली होती."

सुप्रभाबाईंनी तिच्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. खोटंच बोलायचं असतं तर पोरगी याहून चांगलं खोटं बोलली असती. बहुतेक.

"नाव घाल," कमलाकर इरावतीला म्हणाले. "मिरज पण घाल. आणि हिचंही घाल, अर्धं काम हिचं."

"माझं नको," सुप्रभाबाई लगेच म्हणाल्या. "उद्या परत नोटीस आली तर एक तरी बाहेर राहायला हवं."

"बघ, अशी आहे ही."

"आणि ऐक गं," त्यांनी इरावतीकडं बोट रोखलं. "तिथली माणसं साफसूफ करायला बघतील. पाटी हवी तर पुसा, पण त्या ठिपक्याला फडकं लावायचं नाही. कबूल?"

"कबूल."

"अमेरिकन कबूल का मराठी कबूल?"

"नागपुरी कबूल," इरावती म्हणाली, आणि कमलाकरांनी पुन्हा खोकून घेतलं.

ती गेल्यावर सुप्रभाबाईंनी गॅरेजचं कुलूप दोनदा ओढून पाहिलं. मग पडद्याआडून रस्त्यावर नजर टाकली. पोरगी बस स्टॉपवर उभी राहून फोनवर बोलत होती. "बघा," त्या म्हणाल्या, "लगेच फोन. वर हात हलवून बोलतेय."

"आईला करत असेल," कमलाकर डोळे मिटूनच म्हणाले. "फोटोचं भांडायला."

नंतरचे कितीतरी दिवस दारातून टपाल पडलं की सुप्रभाबाई आधी धावायच्या. नोटीस आली नाही. कमलाकरांना मात्र बोलायला एक विषय मिळाला. नर्स आली की तिला सांगायचे, टेनेसी आम्ही केली, मी आणि माझ्या बायकोनं. तिला वाटायचं, औषधाचा अंमल आहे. ती "लव्हली, डार्लिंग," म्हणायची आणि नाडी बघायची. एकदा त्यांनी नीनाला वीरचे रंग आणायला सांगितले आणि वीरच्या वहीत कोंबडा काढून दिला. रेघ हलली होती. पाय मात्र बरोबर वर होता.

फेब्रुवारीत सुप्रभाबाई नीनाबरोबर लंडनला गेल्या. कॉलेजचा मोठा पांढरा हॉल, भिंतींवर टेक्सास, अलाबामा, ॲरिझोना, आणि मधोमध टेनेसी. माणसं हातात ग्लास घेऊन हळू आवाजात बोलत होती. टेनेसीपुढं एक सुटातला माणूस उभा होता, बोलणं अमेरिकन. सुप्रभाबाई जाऊन त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या. तो डावीकडं सरकला की त्याही सरकायच्या. "आई, काय करतेस?" नीना कुजबुजली. शेवटी तो माणूस ओशाळून हसला आणि दुसऱ्या भिंतीकडं गेला.

मग त्या वाकून जवळ गेल्या. राखणीला ठेवलेल्या पोरानं "मॅडम, प्लीज," म्हटलं. त्यांनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. ठिपका होता. कुणी पुसला नव्हता. जरासा मोठा, जड हाताचा.

पाटीखाली पांढऱ्या कार्डावर इंग्रजीत लिहिलं होतं. त्यांनी एकेका अक्षरावर बोट धरून वाचलं. कमलाकर शिंत्रे, मिरज आणि लेस्टर. कोंबडा त्यांचा स्वतःचा, मिरजेच्या काडेपेटीच्या आठवणीतून. आणखी कुणाचं नाव नव्हतं. कार्डाच्या कोपऱ्यात मात्र एक काळा ठिपका होता. छापताना पडलेला डाग असेल, असं त्यांना आधी वाटलं. संशय फिटेना म्हणून त्यांनी राखणदार पोराची पाठ वळायची वाट पाहिली आणि नखानं हळूच खरवडून बघितलं.

काजळ होतं.

कमलाकर रंगराव शिंत्रे रविवार, १९ जानेवारी २०२५ रोजी सकाळी, लेस्टर इथं राहत्या घरी वारले.